बेकरीवाल्याचं वजन

"या वजनावर मी तुमचं ऑपरेशन करू शकत नाही," काट्याकडे बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. "वजन आणि रक्तदाब, दोन्ही खाली येऊ देत. मग पुढच्या तपासण्या."

बेकरीवाल्याने मान खाली घातली. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती आणि पलीकडच्या वॉर्डात त्यांची एकुलती एक मुलगी मशीनला जोडलेली होती. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. प्रतीक्षायादीत नाव होतं, पण नंबर कधी लागेल याचा नेम नव्हता. बायकोला मधुमेह. किडनी द्यायला उरला तो एकटा.

"नेमकं खाऊ तरी काय?" तो काकुळतीला येऊन म्हणाला. "मेहुणा म्हणतो, उपाशी राहा. शेजारी म्हणतो, नुसती अंडी खा. मोबाइल तर तासातासाला वेगळंच सांगतो."

"सगळ्यांचं ऐकलंत तर वेड लागेल. मीठ कमी, गोड बंद, दोन घास कमी खायचे आणि रोज चालायचं. झेपेल तेवढंच करा, पण चुकवू नका."

ऐकायला सोपं होतं. पण दिवसभर भट्टीपुढे उभं राहून ताज्या पावाच्या वासात भूक मारायची म्हणजे जिवावरचं काम. तरी तो हट्टाला पेटला. ट्रे बाहेर काढताना तोंडात लवंग धरायचा. दुपारी दुकान बायकोवर सोडून नदीकाठाने घामाघूम होईपर्यंत चालायचा.

"काय शेठ, दुसरं लग्न ठरलं की काय?" गिऱ्हाइकं चेष्टा करायची. तोही हसायचा.

काटा मात्र हलेना. रक्तदाबही तिथंच.

कारण घरातच निघालं. एकदा तो अचानक स्वयंपाकघरात शिरला, तर बायको त्याच्या वाटीतल्या सूपमध्ये लोण्याचा गोळा सोडत होती. वर दोन चिमटी जास्तीचं मीठ. त्याचे चालायचे बूटही तिने पुन्हा एकदा भिजत घातले होते.

त्याला राग आला, पण तिचा चेहरा बघून तो ओसरला.

"मला चिरणार म्हणून घाबरतेस ना?" तो म्हणाला. "अगं, एका किडनीवर माणसं धडधाकट जगतात."

ती नळ सोडून भांडी घासत राहिली.

तेव्हापासून तो आपलं आपण शिजवून खाऊ लागला. ओल्या बुटांनीच चालू लागला. इकडे मुलगी दिवसेंदिवस वाळत चालली होती.

"बाबा, पुरे आता. किती हाल करून घेशील?" ती म्हणाली.

"गप गं. तुझ्यामुळे माझी ढेरी गेली. फायदा माझाच आहे."

बाहेर आल्यावर मात्र तो जिन्यात बसून रडला.

अखेर काटा खाली आला. डॉक्टरबाईंनी पुन्हापुन्हा रक्तदाब मोजला आणि हसल्या. "शाब्बास! आता रक्त देऊन या. तुमचं आणि मुलीचं किती जुळतं ते कळेल."

तो जवळजवळ धावतच निघाला. रक्त घ्यायच्या खोलीच्या दारात बायकोने त्याचा दंड घट्ट धरला.

"नका देऊ. पाया पडते तुमच्या."

"वेड लागलंय का तुला? हातची जाईल पोरगी!"

"यादीतून मिळेल तिला. थोडं थांबू." तिने पकड आणखी घट्ट केली. "रक्तातून सगळं बाहेर येईल हो. मग तुम्ही तिला टाकाल, मलाही टाकाल. कोण आहे तिला तुमच्याशिवाय?"

"काय बाहेर येईल?"

ती भिंतीला टेकली. "ती तुमची नाही."

आतून नर्सने हाक मारली. बेकरीवाल्याने बाही वर सारली आणि बायकोची बोटं एकेक करून हळूच सोडवली.

"ते होय," तो म्हणाला. "ते तर मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे."