दुसरा तुकडा

पेशी वाढवायच्या इन्क्युबेटरचं दार उघडलं तसा गरम झोत तोंडावर आला आणि प्रयोगशाळेतल्या बाईंनी तापमानाच्या पडद्याकडे पाहिलं. आकडा सदतीस असायला हवा, तो पंचेचाळीस होता. तापमान आवरणारा भाग कधीतरी बिघडला होता आणि धोक्याची घंटा वाजलीच नव्हती.

तरी त्यांनी एकेक बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काल पेशी एकमेकींना बिलगून, फरशी बसवावी तशा तळभर पसरल्या होत्या. आज आक्रसून, गोल होऊन नुसत्या तरंगत होत्या. एखादी तरी तग धरून असेल म्हणून बाईंनी कानाकोपरा धुंडाळला. पेशीच्या आतली प्रथिनं उष्णतेनं एकदा मोडली की मागाहून गार करून काही होत नाही, हे त्या स्वतःच शिकवत आल्या होत्या. तरी शोधत राहिल्या.

तेलाची कढई अंगावर उलटून पाठ भाजलेल्या स्वयंपाकीण मावशींची ती कातडी. एका मांडीवरचा नखाएवढा तुकडा घेऊन बाईंनी वाढवलेली. उद्या सर्जन ती पाठीवर लावणार होते.

"मी सांगतो त्यांना," सर्जन म्हणाले.

"नको. गेलंय माझ्या हातून, मीच सांगते."

वॉर्डात मावशी पालथ्या पडून होत्या. बाई खाली वाकल्या, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे तीही भाजलीच."

"हो. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, मावशी. आणखी एक तुकडा घ्यावा लागेल."

"आणि तोवर हे असंच? पट्ट्या सोडायच्या, धुवायचं, पुन्हा बांधायच्या?"

"हो."

मावशींनी डोळे मिटले. बाईंना वाटलं, आता रडतील, नाहीतर चार शब्द सुनावतील. दोन्हीला त्यांची तयारी होती.

"ताई, त्यांना दुखलं असेल का हो? त्या बशीतल्यांना?"

"नाही. त्यांना दुखत नाही काही."

"बरंय त्यांचं," मावशी म्हणाल्या, आणि दुसरा पाय हळूहळू चादरीबाहेर काढू लागल्या.