राखाडी ओळी

किशोर अकोटच्या शेतकरी गटाची सभासद यादी कॉम्प्युटरवर सांभाळायचा. कोणी वारलं की तो त्याचं नाव एका नियमात टाकायचा. ते नाव जिथे असेल, ती ओळ आपोआप राखाडी व्हायची.

वडिलांच्या तेरवीनंतर त्यानं फक्त ‘नत्थुजी’ टाकलं. वडिलांची ओळ राखाडी झाली. खालच्या तीनही झाल्या: किशोर नत्थुजी, आकांक्षा नत्थुजी, गोदाबाई नत्थुजी.

शेजारी बसलेल्या आईनं, गोदाबाईनं विचारलं, “आपल्या कावून झाल्या रे?”

“बाबाईचं नाव साऱ्याईच्या नावात हाये ना. पूरं नाव टाकतो, मंग फक्त त्याईचीच राहीन.”

गोदाबाईनं स्क्रीनवरच्या आपल्या ओळीवर बोट ठेवलं.

“तुमा दोघा भावाबहिणीची नीट कर,” ती म्हणाली. “माही राहू दे.”