पुढच्या वळणावरची घंटी

शिकारीच्या दिवसांत आमच्या इटलीतल्या मोन्फेर्रातोच्या टेकड्यांवर सायकल चालवायची तर नारिंगी जाकीट घालावं लागतं, नाहीतर रानडुक्कर समजून कुणीतरी गोळी घालायचा. बाबांना ते पटत नाही. "त्यात मी भोपळा दिसतो," म्हणत ते तपकिरी स्वेटरवरच माझ्याबरोबर निघाले. उतारावर माझी चेन पडली, तेव्हा "ये गं म्हातारे, सावकाश ये!" असं चिडवून पुढे गेले. प्रत्येक वळणावर घंटी वाजवायची त्यांची जुनी सवय. पहिल्या वळणावर वाजली, दुसऱ्या वळणावर वाजली.

मी चेन बसवत होते, तेवढ्यात द्राक्षमळ्याच्या खालच्या अंगाला बार झाला. लगेच फोन वाजला. रेमो, माझा नवरा. तोही आज शिकाऱ्यांत होता.

"ऑर्नेला! बोल ना! बरी आहेस ना?"

"चेन पडलीय. हात काळे झालेत नुसते. का रे?"

तो रडायलाच लागला. "रस्त्याकडे बार टाकायचा नाही, कळतं गं मला. पण झुडपामागे काहीतरी हललं, आणि मग सायकल आपटल्याचा आवाज आला. हा तुझाच रस्ता. पुढे जाऊन बघायची हिंमत होईना, म्हणून आधी फोन लावला. सुटलो बाई! देव पावला!"

मी फोन कानापासून दूर धरला आणि तिसऱ्या वळणावरच्या घंटीची वाट बघत उभी राहिले.