चौथं पाणी

"लेपे तीन पाण्यानं धुतलेत गो. जेवूनच जा," जनाकाकूनं मासळीची परात पुढे केली.

ऋजुता दारातच थबकली. बंदरातून उपसलेला गाळ समुद्रात जिथे टाकतात, तिथल्या तळाचे किडे तिनं काकूच्याच होडीतून तपासायला नेले होते. परातीतले चपटे लेपे तिथलेच किडे खाऊन वाढलेले.

"काकू, किडे मी दिवसभर स्वच्छ पाण्यात ठेवले. पोटातला गाळ निघाला. पण गाळातला पारा त्यांच्या अंगातच मुरलाय, तोच लेप्यांतही उतरतो."

"म्हंजे धुऊन जात नाय?"

"नाही जात," ऋजुता म्हणाली.

काकूनं चुलीपाशी बसलेल्या सुनेकडे पाहिलं. सातवा महिना लागला होता, आणि डोहाळे लेप्यांचेच होते. काकूनं परात मोरीत नेली आणि लेप्यांवर चौथं पाणी ओतलं.