पेशंटचं काम

“आई, खोकू नकोस ना! माझं पोटॅशियम निसटतं,” पुस्तकातून मान वर न काढता मुलगी ओरडली.

आईने तोंडावर हात धरला आणि कॉटवरून उठून ती खिडकीपाशी जाऊन बसली. हल्ली आडवं झालं की तिला ढास लागायची. रविवारची दुपार होती, ती इस्त्री करायची त्या लाँड्रीला सुट्टी होती, तिला जरा पाठ टेकायची होती. पण उद्या लेकीचा नर्सिंगचा औषधशास्त्राचा पेपर होता आणि परवा तोंडी. घरात परीक्षा असली की बाकीच्यांनी श्वाससुद्धा विचारून घ्यायचा असतो.

मुलीचा पाय एका जागी ठरत नव्हता. टेबलाशी वाचून झालं, ओट्यावर बसून झालं, दारात उभं राहून झालं. एका गोळीने पोटॅशियम कमी होतं, दुसरीने वाढतं. कुठल्या गोळीने काय, हे सकाळपासून तिसऱ्यांदा उलटंपालटं झालं होतं. मागच्या वर्षी ती याच विषयात गचकली होती, तेही चार मार्कांनी. यंदा गेली तर कॉलेजातून नावच कमी होणार होतं. एवढं एक तिला झोपेतही पाठ होतं, बाकी काही डोक्यात राहायला तयार नव्हतं.

“चल, पेशंट हो,” पुस्तक आपटत ती म्हणाली.

हा मायलेकींचा खेळ होता. चिठ्ठ्यांवर आजारांची नावं, मागे लक्षणं. आईने एक चिठ्ठी उचलायची, वाचून मुठीत दाबायची आणि कॉटवर पडायचं. मुलीने प्रश्न विचारून आजार ओळखायचा, औषध सांगायचं. पेशंट म्हणून आई अगदीच कच्ची होती. अर्धांगवायू झालेला असताना दूध उतू जाताना दिसलं, तेव्हा ती टुणकन उठून धावली होती. एकदा तर “सिस्टर, मला मधुमेह झालाय, ओळखा पाहू काय झालंय,” असं तिने विचारलं होतं. तेव्हा दोघी हसून हसून लोळल्या होत्या. आज मुलीला हसायला फुरसत नव्हती.

आईने चिठ्ठी उचलली, वाचली आणि जराशी थांबली. मग उशांना टेकून बसली.

“काय होतंय?”

“दम लागतो. जिना चढताना दोनदा थांबावं लागतं.”

“झोपल्यावर?”

“जास्तच. पहाटे घुसमटून जाग येते. उठून बसलं की बरं वाटतं.”

“किती उशा लागतात?”

“आधी एक पुरायची. आता तीन.”

मुलीचे डोळे चमकले. उशांचा हा प्रश्न विचारायला विसरू नका, असं मॅडमनी वर्गात बजावून सांगितलं होतं.

“आज भलतीच फॉर्मात आहेस तू!” ती म्हणाली आणि येरझाऱ्या घालत सुटलीच. “हृदय कमजोर झालंय. रक्त पुढे ढकललं जात नाही, मागे फुफ्फुसात तुंबतं, म्हणून दम. पाणी पायात उतरतं. फुरोसेमाइड द्यायची. लघवीवाटे पाणी जातं आणि पोटॅशियम... कमी होतं! कमी!”

सकाळपासून छळणारं उत्तर एकदाचं जागेवर बसलं. तिने आनंदाने टेबलावर थाप मारली.

“आणि हे बरं होतं का गं?” आईने विचारलं.

“वेळेवर दाखवलं तर माणसं औषधांवर वर्षानुवर्षं नीट राहतात. अंगावर काढलं तर मग कठीण. पाय पुढे कर, सूज बघायची राहिली.”

“राहू दे की पाय. आजार ओळखलास ना?”

“तपासणीचे वेगळे मार्क असतात, आई.”

तिने आईचा पाय मांडीवर ओढून घेतला. दिवसभर उभ्याने इस्त्री करणाऱ्या बाईचे पाय सुजायचेच, हे घरात इतकं ठरून गेलं होतं की तिकडे कोणी बघत नसे. शिकवल्याप्रमाणे तिने नडगीवर अंगठा दाबला, पाच आकडे मोजले आणि अंगठा काढला. तिथे खड्डा पडला होता. ती तो भरून यायची वाट बघत राहिली. मळलेल्या पिठात बोट रुतावं तसा तो राहिला होता.

दम लागल्याचं सोंग कुणीही आणू शकतं. हे कुणाला आणता येत नाही.

“मूठ उघड,” ती म्हणाली.

आई उघडेना, तेव्हा तिनेच एकेक बोट सोडवलं. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात ‘कावीळ’ लिहिलेलं होतं.

मुलीने मागे वळून पाहिलं. कॉटवरच्या तीन उशांपैकी सगळ्यात वरची तिची स्वतःची होती. उशी असली की वाचता वाचता झोपतेस, असं म्हणून आईने ती मागेच काढून नेली होती. तेव्हा तिला आईच्या शिस्तीचं हसू आलं होतं. आता स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

“चिडू नकोस,” आई हळूच म्हणाली. “म्हटलं, खेळता खेळता तुझा अभ्यास होईल आणि मला काय झालंय तेही कळेल. तुला संशय यायचा नाही.”

“कधीपासून आहे हे?”

आईने पाय मागे घेतला आणि सूज झाकली.

“मागच्या निकालाच्या दिवशीच सांगणार होते. तू रडत घरी आलीस. मग म्हटलं, आधी तू पास हो.”