चहा महागला तर

आनंदराव सर इतके सावकाश बोलत, की विंझरला एसटीत सुरू केलेल्या वाक्याचं क्रियापद वेल्ह्याच्या स्टँडवर उतरायचं. कॉलेजनं त्यांची अर्थशास्त्राची सगळी व्याख्यानं मोबाईलवर चढवली आणि पोरांनी ती दुप्पट वेगानं पळवली. सरांच्या आवाजाची पार पिपाणी झाली. एका खाचरात चिखलणी चालू असताना ती लागली, तर बैल त्या तालावर शेजारच्याचंही खाचर चिखलून आले, असं लोक शपथेवर सांगतात.

इकडं वर्ग ओस पडला. सगळं मोबाईलवर असताना हा तास ठेवायचा की बंद करायचा, ते आज ठरणार होतं. प्राचार्य सुलक्षणाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. पोरांना दम देऊन गोळा केलं होतं.

पोरं कंटाळतील म्हणून सरांनी स्वतःच दुप्पट वेग धरला. फळ्यावर 'पर्यायी वस्तू' लिहिलं, खाली 'चहा' आणि 'कॉफी'. मोबाईलमधलंच सगळं, शब्दाला शब्द. ते ओळखून बाई पर्स आवरत उठल्या.

तेवढ्यात प्रेरणा उभी राहिली. या पोरीनं आजवर वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

"सर, हे म्या मोबाईलवर लई येळा मागं घेऊन ऐकलं. दर येळी तुमी तेच सांगताय. चहा महागला की लोक कॉफी पितात. आमच्याकडं कुणीच पीत न्हाई, सर."

पोरं हसली. एकानं सरांची कॉफी कुठं मिळते ते विचारून घेतलं. सरांनी आठवून पाहिलं. त्यांचाही जन्म चहावरच गेला होता. ते फळा सोडून तिच्या बाकापाशी आले.

"मग तुमच्याकडं काय करतात गं, चहा महागला तर?"

"पाणी वाढवतात."

सर मागं फिरले, त्यांनी 'कॉफी' पुसलं आणि तिथं 'पाणी' लिहिलं.

"आणि मग तो चहाच राहतो का?" त्यांनी वर्गाला विचारलं. याचं उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चारी बाजूंनी पोरं एकदम बोलायला लागली. सुलक्षणाबाई दारापर्यंत पोहोचल्या होत्या. त्या परत येऊन बसल्या, या वेळी पुढच्या बाकावर.