कुवेतचा पगार

"म्हणजे पैसे माझेच," केदार म्हणाला.

समिधाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. बोईसरला नवापूर रोडवरच्या या एका खोलीच्या ऑफिसात ती लोकांची आयकराची कामं करायची. केदार राऊत चार वर्षांपासून तिच्याकडे येत होता. स्वतःच्या रिटर्नबरोबर तो थोरल्या बहिणीच्या शंकाही आणायचा. वैष्णवी कुवेतला एका हॉस्पिटलात नर्स होती.

"कायद्याने तुमचेच," समिधा म्हणाली. "त्या अनिवासी, पगार तिकडचा, म्हणून इथे त्यावर कर नाही. पण पैसे त्यांनी स्वतःच्या एनआरई, म्हणजे अनिवासींसाठीच्या, खात्यात ठेवायला हवे होते. अकरा वर्षं तुमच्या खात्यात पाठवत राहिल्या. बहिणीने भावाला दिलेली भेट, तिच्यावरही कर नाही. ठेवी तुमच्या, दोन्ही फ्लॅट तुमचे."

"ताईला खात्याची कटकट नको होती. पण तिनं परत मागितले तर?"

"तुम्ही दिलेत तर मिळतील. नाही दिलेत तर दाखवायला त्यांच्याकडे एक कागद नाही."

केदार हसला. मग खिडकीबाहेर बघत त्याने विचारलं, "मॅडम, वर्षाच्या मधेच माणूस गेला तर त्याचं रिटर्न कोण भरतं?"

"वारस. पोर्टलवर वारस म्हणून नोंद करावी लागते."

"लग्न झालेलं नाय, आईबाप नाय. तर?"

"मग भाऊ-बहीण."

समिधाला माहीत होतं की राऊतांकडे ही दोघंच उरली होती. वैष्णवीनेही लग्न केलं नव्हतं. "कोणाबद्दल विचारताय?" ती म्हणाली.

"सहज. म्हायती असलेली बरी." तो उठला आणि दारापाशी थांबला. "पुढच्या महिन्यात ताई येतेय सुट्टीवर. हे पैशाचं बोलणं तिच्याकडं काढू नका."

तो गेल्यावर समिधाने पुढची फाईल उघडली. पण आकडे डोक्यात शिरेनात.

वैष्णवी आली ती एका दुपारी, केदारबरोबर. बारीक अंगाची, थकलेल्या डोळ्यांची बाई. सारखे हात धुऊन बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली. तिने भारतात राहिलेल्या दिवसांचा हिशोब लिहून आणला होता. अनिवासी राहायला ते एकशे ब्याऐंशीच्या आत लागतात; तसे आहेत ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

"कितीतरी आत आहात," समिधा म्हणाली. "काळजी करू नका."

"ताई काळजीच करत असते," केदार म्हणाला. "उद्या तिला एडवणला नेतो, वाडीवर. आठ दिवस मस्त राहू. राखणदाराला पण सुट्टी देऊन टाकलीय."

"राखणदाराला कशाला?" समिधाने विचारलं.

"ताईला गडबड सोसत नाय."

वैष्णवी नुसती हसली. धाकट्या भावाच्या शर्टाची दुमडलेली कॉलर तिने हाताने सरळ केली.

त्या संध्याकाळी समिधाने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. एका अशिलाचं दुसऱ्याला सांगणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं. पण कधी न पाहिलेली ती रिकामी वाडी, तिथली नारळाची झाडं, एखादी खोल विहीर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. सकाळी तिने वैष्णवीला फोन लावला.

"वैष्णवीताई, जवळपास केदार आहेत का?"

"नाय. गाडीत सामान भरतोय."

"मग नीट ऐका. तुमचं सगळं त्यांच्या नावावर आहे. तुम्हाला कायद्याने काहीच मागता येणार नाही."

"ठाऊक हाय मला."

"आणि त्यांनी मला विचारलं होतं, की माणूस मेला तर वारस कोण. तुम्ही जाऊ नका. निदान एकट्या तरी जाऊ नका."

वैष्णवीने विचारलं, "तुमी आनखी कुणाला बोललात हे?"

"नाही. कोणालाच नाही."

"बरं केलंत. नका बोलू. माझा भाऊ हाय तो, उगाच बोभाटा नको. मी सांभाळते."

फोन बंद झाला. पोलिसांत जावं, असं समिधाच्या मनात आलं. पण सांगणार काय? एका माणसाने रिटर्नबद्दल एक प्रश्न विचारला, एवढंच? रोज सकाळी ती पेपरात पालघरचं पान आधी उघडायची. एडवण, सफाळे, दातिवरे अशी त्या बाजूच्या गावांची नावं शोधायची. कुठेच काही नव्हतं. वैष्णवीला केलेले फोन वाजून वाजून बंद होत.

तीन आठवडे गेले. एका सोमवारी ऑफिसचं दार ढकलून वैष्णवी आत आली. अंगावर साधी पांढरी साडी, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर.

समिधा खुर्चीतून उठलीच. "अहो, कुठे होतात? माझा जीव टांगणीला लागला होता! ठीक आहात ना?"

"मी बरी हाय." वैष्णवी समोर बसली. फोल्डरमधून तिने एक कागद काढून टेबलावर ठेवला. ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला होता. नाव केदार राऊत, वय चौतीस.

समिधाने तो दोनदा वाचला. "कसं झालं?"

"झोपेतच गेला. हृदय बंद पडलं. मी नर्स, शेजारच्या खोलीत होते, पन काय करता आलं नाय. डॉक्टरनं माझ्याच सांगण्यावरून लिवलं." तिने भावाचं पॅनकार्ड दाखल्याच्या शेजारी नीट लावून ठेवलं. "शनिवारी माझं विमान हाय. तेवढी वारसाची नोंद करून टाका."

समिधाने कीबोर्ड बाजूला सारला. "पण तो प्रश्न... तो तर केदारनी विचारला होता."

"मीच विचारायला सांगितला होता," वैष्णवी शांतपणे म्हणाली. "त्याला वाटलं, मी माझ्याच मरणाचं विचारतेय."